आवाज कुठला ते कळलं, कशाचा ते सांगा

९७ टक्के. एवढे मार्क पडलेला पेपर हातात आला की मी आधी बघायचो, तपासलाय कुणी. कराडला हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवण्यात उभी नोकरी गेली, त्यामुळे ही खोड आता जायची नाही. निवृत्तीनंतर वर्षातले काही महिने लेकीकडे शिकागोला असतो, हाइड पार्कमध्ये. तिथं हा ९७ चा आकडा टीव्हीवर, वर्तमानपत्रात, नगरसेवकांच्या भांडणात इतक्या वेळा कानावर पडला की म्हटलं, बघूया तरी हे मार्क दिले कुणी.

आकडा शॉटस्पॉटरचा. बंदुकीचा आवाज ऐकून पोलिसांना आपोआप वर्दी देणारी ही यंत्रणा. गच्च्यांवर आणि दिव्यांच्या खांबांवर मायक्रोफोन बसवलेले असतात, चौरस किलोमीटरला साधारण आठ-दहा. नेमके कुठे, ते कंपनी सांगत नाही, पोलिसांनाही नाही. मी संध्याकाळी फिरायला निघालो की खांब न्याहाळत चालायचो. निळा दिवा लुकलुकणारे पोलिसांचे कॅमेरे दिसतात, ते दिसावेत म्हणूनच लावलेत. मायक्रोफोन मात्र कधी ओळखता आला नाही. २०१८ साली शिकागोनं या कंपनीशी तीन वर्षांसाठी ३ कोटी ३० लाख डॉलरचा करार केला आणि पुढे तो वाढवत नेला. शहरात पोलिसांचे २२ विभाग आहेत, त्यांतल्या १२ विभागांत यंत्रणा बसली. ते १२ कुठले, हे शिकागोत राहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही: दक्षिण आणि पश्चिम बाजू, म्हणजे मुख्यतः काळ्या आणि लॅटिनो लोकांची वस्ती. आपली देशी दुकानं जिथं आहेत तो डेव्हन अ‍ॅव्हेन्यू उत्तरेला, तो यात नव्हता. आम्ही दक्षिणेला, त्यामुळे आम्ही यात होतो.

यंत्र चालतं कसं, हे मला सांगायला आवडतं, तेव्हा थोडं सहन करा.

वीज चमकली की आकडे मोजायचे आणि गडगडाट झाला की थांबायचं, तीन आकड्यांना एक किलोमीटर, हे पाचवीच्या पोरालाही येतं. तिथं प्रकाश आधी पोचतो म्हणून घड्याळ कधी सुरू करायचं ते कळतं. बंदुकीच्या बाबतीत ती सोय नाही. गोळी कधी सुटली ते ठाऊक नसतं, फक्त आवाज या मायक्रोफोनला आधी आणि त्या मायक्रोफोनला नंतर पोचला एवढं कळतं. दोन मायक्रोफोनांमधल्या वेळेच्या फरकावरून नकाशावर एक वक्र रेषा निघते, भूमितीतला अपास्त. आवाज त्या रेषेवर कुठंतरी झालेला असतो. तिसरा मायक्रोफोन आला की दुसरी रेषा निघते, आणि दोन्ही जिथं छेदतात तिथं आवाजाचं ठिकाण.

हे मी कराडला शाळेच्या मैदानावर पोरांकडून करून घेतलंय. दिवाळीतले उरलेले सुतळी बॉम्ब, तीन मोबाइल आणि एक मीटर टेप. तिन्ही मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करायचं, ते एकावर एक ठेवायचे आणि वर एक खणखणीत टाळी वाजवायची. मग रेकॉर्डिंग बंद न करता एकेक मोबाइल एकेका कोपऱ्यात नेऊन ठेवायचा. बॉम्ब फुटला की तिन्ही रेकॉर्डिंग संगणकावर एकाखाली एक लावायची, टाळीवर टाळी जुळवायची. मग बॉम्बच्या लाटा किती मागेपुढे आहेत ते दिसतंच. आवाज एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर जातो. जवळच्या मोबाइलची लाट वरून-खालून छाटलेली येते, कारण एवढा मोठा आवाज त्याला पेलत नाही, पण आपल्याला लाटेची सुरुवात तेवढी हवी असते. पोरांनी कागदावर काढलेलं ठिकाण आणि जमिनीवरचा काळा डाग यांत दोन हातांचं अंतर पडलं. एक मुलगी म्हणाली, सर, थंडीत आवाज हळू जातो ना, मग शिकागोत काय करत असतील? बरोबर आहे तिचं. तीस अंशाला आवाज सेकंदाला सुमारे ३४९ मीटर जातो, उणे दहाला ३२५. तापमान धरलं नाही तर अर्ध्या किलोमीटरवरचा आवाज पस्तीसेक मीटर सरकेल, म्हणजे गुन्हा पुढच्या घराच्या दारात जाऊन पडेल. अर्थात कंपनीला हे आमच्या आधी कळलेलं असणार.

ही विद्या जुनीच. पहिल्या महायुद्धात लॉरेन्स ब्रॅग नावाचा पंचविशीचा ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्लँडर्समध्ये जर्मन तोफा आवाजावरून शोधायचं काम करत होता. वडिलांबरोबर त्याला १९१५ चं नोबेल मिळाल्याची बातमी आली तेव्हा तो याच कामावर होता. अडचण अशी होती की साध्या मायक्रोफोनला गोळ्याचा हवेतला कडाका जोरात ऐकू यायचा आणि खुद्द तोफेचा खोल, मंद दणका हरवायचा. तो दणका असतो हे ब्रॅगला समजलं संडासात. शेतावरच्या घराचा बंद संडास, बाहेरच्या हवेशी संबंध फक्त बैठकीखालच्या पाइपातून. जवळची तोफ उडाली की बसल्या जागी तो हलकेच उचलला जायचा! पुढे टकर नावाच्या सहकाऱ्यानं तापलेल्या तारेचा मायक्रोफोन बनवला, त्याला तो दणका पकडता येऊ लागला आणि काम फत्ते झालं. हा किस्सा वर्गात सांगितला की पोरं वर्षभर ध्वनीचा धडा विसरत नसत.

पण आघाडीवर एक सुख होतं. दणका झाला म्हणजे तोफच, तिथं लग्नाची वरात येणार नव्हती. प्रश्न एकच, कुठे? शहरात गणित तेच, पण प्रश्न आधी दुसराच येतो: हा आवाज आहे कशाचा? फटाका, गाडीचा सायलेन्सर, छपरावर पडलेली फळी, बांधकामावरचा हातोडा. तीन मायक्रोफोन याचं उत्तर देत नाहीत. शॉटस्पॉटरमध्ये आधी संगणक अंदाज करतो, मग कंपनीच्या केंद्रात हेडफोन लावून बसलेला माणूस ते दोन-चार सेकंदांचं रेकॉर्डिंग ऐकतो, लाटेचं चित्र बघतो आणि ठरवतो. सगळं मिळून साठ सेकंदांत. त्यानं होय म्हटलं की वर्दी पोलिसांच्या मोबाइलवर.

मैदानावरच्या प्रयोगाचा दुसरा भाग याच्यावरच होता. सुतळी बॉम्ब, हवा भरून फोडलेली पिशवी, फरशीवर आपटलेली फळी आणि आमच्या कॉलनीतल्या एका बुलेटचा फटाका काढणारा सायलेन्सर, असे आवाज रेकॉर्ड करून वर्गात उलटसुलट वाजवले. वर्गात तट पडले. सगळ्यांत ठामपणे बोलणारा मुलगा सगळ्यांत जास्त चुकला, हे नेहमीचंच. पण तो चुकला हे कळलं कशामुळं? कुठल्या क्रमांकाचा आवाज कशाचा, हे मी आधी वहीत लिहून ठेवलं होतं म्हणून.

आता ९७ कडे येतो. ही यंत्रणा ९७ टक्के अचूक आहे असं कंपनी सांगते, आणि खोटी वर्दी म्हणाल तर अर्धा टक्का. हे काढलं कसं? पोलिसांनी कंपनीला कळवलं की तुमची ही वर्दी चुकीची होती किंवा अमुक गोळीबार तुमच्या यंत्रानं ऐकलाच नाही, तर ती चूक धरायची. जिथं काहीच कळवलं नाही, ते बरोबर. कंपनीनंच नेमलेल्या एका विश्लेषण संस्थेनं हे गणित तपासून ठीक ठरवलं आहे. बेरीज-भागाकार ठीकच असणार. पण रात्री दोन वाजता गल्लीत जाऊन, बॅटरी फिरवून, काहीही न सापडता परत आलेला पोलीस बसून कंपनीला पत्र लिहील कशाला? त्याला तरी काय माहीत तिथं गोळी सुटली की फटाका? ज्याला आम्ही गैरहजर लावायचो त्याला इथं पैकीच्या पैकी मार्क दिलेत.

बरं, विरुद्ध बाजूचा आकडा बघू, कारण तोही तितक्याच जोरात फेकला जातो. शिकागोच्या महानिरीक्षक कार्यालयानं, म्हणजे शहराच्या कारभारावर नजर ठेवणाऱ्या स्वतंत्र कार्यालयानं, ऑगस्ट २०२१ मध्ये अहवाल काढला. जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात शॉटस्पॉटरनं ‘बहुधा गोळीबार’ म्हणून ५०,१७६ वर्द्या दिल्या. त्यांतल्या ९.१ टक्के ठिकाणी बंदुकीच्या गुन्ह्याचा पुरावा पोलिसांना मिळाला. न्यूयॉर्क शहराच्या लेखापरीक्षकांनी २०२४ मध्ये तिथला हिशोब मांडला: जून २०२३ च्या ९४० वर्द्यांपैकी गोळीबार झाल्याचं पक्कं ठरलं १२२ ठिकाणी, म्हणजे १३ टक्के. यावरून यंत्रणेविरुद्ध मोर्चे काढणारे लोक म्हणतात, दहातल्या नऊ वर्द्या खोट्या.

तेही मला मान्य नाही. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसाची रिकामी पुंगळी चाकातच राहते, खाली पडत नाही. चालत्या गाडीतून गोळी मारली तर पुंगळ्या गाडीत. अंधारात गवतात बोटाएवढी पितळी पुंगळी शोधून बघा. गोळी हवेत गेली, कुणाला लागली नाही, सगळे पळाले, तर पुरावा राहणार कुठला? तेव्हा पुरावा मिळाला नाही याचा अर्थ गोळी सुटली नाही असा होत नाही. आणि सुटली होती असाही होत नाही. ९७ वाले आणि ९ वाले एकाच ढिगाकडे बघताहेत, ‘काही सापडलं नाही’ या ढिगाकडे, आणि ज्याला जसं सोयीचं तसं तो ढीग मोजतोय. वही कुणाकडेच नाही.

लेकीला हे सांगितलं तर ती म्हणाली, “बाबा, तुमची वही राहू द्या. वर्दी आली की पोलीस काय मनात घेऊन येतात ते बघा.”

तिचं खरं आहे. कुणी फोन केला तर फोन करणारा काहीतरी सांगतो: पोरं आहेत, फटाके असावेत, निळी गाडी होती. यंत्राच्या वर्दीत असतं फक्त ठिकाण, वेळ आणि किती गोळ्या. येणारा पोलीस हात पिस्तुलावर ठेवूनच उतरणार. मार्च २०२१ मध्ये लिटल व्हिलेज भागात अशाच वर्दीवर पोलीस गेले आणि १३ वर्षांचा अ‍ॅडम टोलेडो पोलिसाच्या गोळीनं गेला. त्या रात्री वर्दी खोटी नव्हती, गोळ्या झाडल्या गेल्या होत्या आणि पोराच्या हातात क्षणापूर्वीपर्यंत पिस्तूल होतं. गोळी लागली तेव्हा हात रिकामे होते. जानेवारी २०२४ मध्ये गारफील्ड पार्कजवळ मात्र वर्दीवर आलेल्या पोलिसानं एका पोरावर गोळी झाडली, तो फटाके लावत होता. नशिबानं नेम चुकला. फटाक्याला गोळी समजलं गेलं तर पुढे काय होतं, हे ज्याला कागदावर समजत नाही त्यानं ही घटना वाचावी.

महानिरीक्षकांच्या अहवालातली आणखी एक गोष्ट कुणी फारशी बोलत नाही. ‘या भागात वर्द्या फार येतात’ एवढ्यावर काही पोलीस रस्त्यावरच्या माणसाला थांबवायचे, अंग चाचपायचे. म्हणजे मायक्रोफोन जास्त तिथं वर्द्या जास्त, आणि वर्द्या जास्त तिथं झडती जास्त. २०२४ मध्ये देशभरातल्या २५ हजारांवर मायक्रोफोनांचे पत्ते फुटले आणि बातमीदारांनी ते लोकसंख्येशी ताडून पाहिले. मायक्रोफोन असलेल्या वस्त्यांत राहणाऱ्यांपैकी सुमारे ७० टक्के लोक काळे किंवा लॅटिनो निघाले.

कोर्टात तर गोष्ट आणखी नाजूक. शिकागोच्या दक्षिण भागातल्या ६५ वर्षांच्या एका गृहस्थांना गाडीतल्या प्रवाशाच्या खुनाच्या आरोपावरून जवळजवळ वर्षभर तुरुंगात ठेवलं. शॉटस्पॉटरचं रेकॉर्डिंग हा त्यात महत्त्वाचा पुरावा होता. संगणकानं आधी तो आवाज फटाक्याचा ठरवला होता आणि माणसानं तो बदलून गोळीचा केला, हे पुढे बाहेर आलं. सरकारी वकिलांनी तो पुरावा मागे घेतला आणि जुलै २०२१ मध्ये खटलाच निकाली निघाला. पुरावा आम्ही फिरवला नाही, असं कंपनीचं म्हणणं. फिरवला नसेल. पण संगणक एक म्हणतो, माणूस दुसरं म्हणतो, तर दोघांतला कोण किती वेळा बरोबर असतो याची नोंद असायला नको?

हे मायक्रोफोन बोलणंही ऐकतात का, असं लोक विचारतात. कंपनी म्हणते, संभाषण ऐकायला ते बनवलेलेच नाहीत. तरी कॅलिफोर्नियात ओकलंडला आणि मॅसॅच्युसेट्समध्ये न्यू बेडफर्डला गोळीबाराच्या रेकॉर्डिंगात माणसांचे शब्द सापडले आणि ते कोर्टापर्यंत गेले. एवढ्यावर हा विषय सोडतो, कारण माझ्या शेजारीणबाईंना त्याचं काही वाटत नाही आणि त्यांचं म्हणणं मला इथं मांडायचंय.

शेजारीणबाई माझ्याच वयाच्या, काळ्या, चर्चमध्ये गाणाऱ्या. माहेर शिकागोच्या दक्षिण भागातल्या एंगलवूडचं, बहीण अजून तिथंच राहते. मला त्या ‘प्रोफेसर’ म्हणतात, नको म्हटलं तरी. मी ९७ आणि ९ चं सगळं व्याख्यान दिलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, “प्रोफेसर, बहिणीच्या गल्लीत गोळ्या वाजल्या की कुणी फोन करत नाही. रोज कोण करणार? आणि केला तर पोलीस तिच्याच दारात येऊन उभे राहणार, सगळ्या गल्लीला दिसेल असे. यंत्र फोन करतं, त्याला कुणाची भीती नाही.” मी म्हटलं, पण पोलीस येऊन काही सापडत नाही. त्या म्हणाल्या, “येतात ना?”

एंगलवूडच्या आसपासचे बरेच नगरसेवक हेच म्हणत होते. पोलीसप्रमुख लॅरी स्नेलिंग यांचाही यंत्रणेला पाठिंबा होता: कुणी फोन केला नाही आणि रस्त्यात रक्त वाहत पडलेला माणूस यंत्रामुळं वेळेत सापडला, असे प्रसंग घडलेत. ते घडलेतच, आणि ज्याचा जीव वाचला त्याला टक्केवारी सांगून उपयोग नाही. कॅन्सस सिटी आणि शिकागोवर झालेल्या एका अभ्यासात यंत्रामुळं पोलीस लवकर पोचतात आणि पुंगळ्याही जास्त मिळतात, असं दिसलं. गुन्हे जास्त उकलले किंवा गोळीबार कमी झाला, असं मात्र दिसलं नाही. लवकर पोचणं हे आपल्या जागी मोलाचं आहे, पण शहरानं करार केला तेव्हा गोळीबार कमी होईल असं सांगितलं होतं.

महापौर ब्रँडन जॉन्सन यंत्रणा काढू असं सांगूनच निवडून आले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी करार संपवायचं जाहीर केलं, मग सात-आठ महिन्यांची मुदतवाढ दिली, आणि सिटी कौन्सिलनं बहुमतानं विरोध करूनही २२ सप्टेंबर २०२४ ला यंत्र बंद झालं. त्यानंतर शहरातले खून कमी झाले, तेव्हा लगेच काहींनी सांगितलं, बघा, यंत्राचा उपयोग नव्हताच. पण ज्या शहरांत यंत्र चालू आहे तिथंही कमी झालेत. हे म्हणजे पुन्हा वहीशिवाय पेपर तपासणं.

खरी वही पूर्वी एकदा, लहान प्रमाणावर, ठेवली गेली होती. नव्वदच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या रेडवूड सिटीत ही यंत्रणा नवी होती तेव्हा बाहेरच्या संशोधकांनी पोलिसांकडून ठरलेल्या ठिकाणी, ठरलेल्या वेळी खोटी काडतुसं, म्हणजे नुसता आवाज करणारी, गोळी नसलेली, उडवून घेतली. यंत्रानं सुमारे ८० टक्के आवाज पकडले. ९७ नाही, ९ नाही. आणि हा आकडा मी मानतो, कारण बंदूक कधी उडणार ते आधी लिहिलेलं होतं.

शहर आता नवं काहीतरी घेण्याच्या विचारात आहे, त्याच कंपनीचं किंवा दुसऱ्या कुणाचं. म्हणून मी आमच्या वॉर्डाच्या कार्यालयात एक पत्र द्यायचं ठरवलंय. लेकीनं इंग्रजी सरळ करून दिलं. मागणी साधी आहे: पैसे देण्याआधी परीक्षा घ्या. खोटी काडतुसं आणि फटाके यांची सरमिसळ, क्रम बंद पाकिटात, पाकीट कंपनीकडे नाही आणि पोलिसांकडेही नाही. जो निकाल येईल तो छापा. ऐंशी आला तर ऐंशी, साठ आला तर साठ, मग शहरानं ठरवावं की तेवढ्यासाठी इतके पोलीस इतक्या दारांत पाठवायचे का.

शेजारीणबाईंकडे सहीसाठी नेलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. म्हणाल्या, “रिकाम्या मैदानात घेऊ नका. जुलैतल्या शनिवारी रात्री एंगलवूडमध्ये घ्या, चारी बाजूंनी फटाके वाजत असताना. आणि त्या रात्री खरीच गोळी सुटली तर कोण येणार, तेही लिहा.” दोन्ही मुद्दे पत्रात घालून आणल्यावर त्यांनी सही केली.